माळवदावरची गाणी

गुरुजनहो आणि 1995 च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं होतं, "संगणक क्षेत्रात सध्या काय चाललंय, त्यावर लिही." त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपल्या गावच्या गाण्यांविषयी लिहिणार आहे. शाळेच्या दप्तरात या गाण्यांची नोंद नाही, आकाशवाणीवर ती कधी लागली नाहीत आणि भूकंपाच्या पंचनाम्यात तर गाण्यांसाठी रकानाच नव्हता. तरीही आपल्यातले आठ जण तीस वर्षांनी एकमेकांना सापडले, ते या गाण्यांमुळेच. म्हणून त्यांचा हा थोडासा इतिहास.

लपून गाणं आपल्या भागाला नवं नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. 'गश्ती निशाण 53' या फर्मानामुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. 1938 साली औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचंच असा आग्रह धरला, तेव्हा त्यांना काढून टाकलं गेलं. त्यातल्या कितीतरी जणांनी पुढचं शिक्षण नागपूर विद्यापीठात घेतलं. इतिहासाच्या तासाला सरांनी हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावर आम्ही एकमेकींना कोपर मारलं होतं. गाण्यापायी शिक्षण सुटतं म्हणजे आपलंही काही खरं नाही!

सर, आज कबूल करते. आमचंही एक लपूनछपून चाललेलं मंडळ होतं. सात मुली, चार मुलं.

त्या काळी किल्लारीत गाणी कमी नव्हती. एकादशीला भजन, गणपतीत मेळे आणि लेझीम, उरुसाला कव्वाली, लग्नात हलगी. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या मात्र विजेची गिरणी आली तशा मागे पडत चालल्या होत्या. लग्नघरी हळद दळताना आज्ज्यांच्या तोंडून तेवढ्या ऐकू येत. पण प्रत्येक गाण्याची जागा आणि माणसं ठरलेली. भजन पुरुषांचं, ओवी बायकांची, मेळा मुलांचा. ज्या गल्लीचं गाणं त्या गल्लीत. चौदा वर्षांच्या मुलीनं मोठ्यानं गावं अशी जागा गावात एकच होती, ती म्हणजे माळवद. दिवेलागणीनंतर वर कुणी येत नसे.

हा बंदोबस्त मोडला कॅसेटनं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि गाणं माणसाला सोडून एकटंच फिरायला लागलं. लातूरला गंजगोलाईकडे गेलेल्या माणसाजवळ गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती भरून देई. आमच्या मंडळातल्या एकीच्या भावाकडे टेपरेकॉर्डर होता. तो बाहेर गेला की यंत्र माळवदावर. सेल उतरले की दिवसभर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी त्यात अर्ध्या तासाचा जीव येई. फिरत्या कॅसेटवर आम्ही चिठ्ठी चिकटवली होती, 'इंग्रजी व्याकरण'. तिला घरातल्या कुणी हात लावला नाही.

या कॅसेटनं आणखी एक गोष्ट केली, ती मला मोठेपणी कळली. आमच्यातला एक मुलगा भीमनगरचा. त्यानं वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी आणली. तो काळ आठवा. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न 1978 पासून पेटलेला होता, मोठी माणसं त्यावर घरात हलक्या आवाजात बोलत. आम्ही मुली त्याच्या वस्तीत कधी गेलो नव्हतो, तोही आमच्या माळवदावर कधी आला नाही. वर्गात कंपासपेटीतून कॅसेट तेवढी जात-येत होती. तिकडून भीमगीतं यायची, इकडून ओव्या आणि मेळ्याची गाणी जायची. अकरा जणांचं मंडळ म्हणते खरं, पण हे अकरा जण तेव्हा एकदाही एका ठिकाणी बसले नाहीत.

1993 च्या गणपतीत आम्ही पहिल्यांदा स्वतःचा आवाज भरला. आमच्यातली जी सगळ्यात चांगली गायची, तिनं आजीकडून ऐकलेल्या ओव्या म्हटल्या. तिचं नाव मी लिहीत नाही. वाचताना तुम्हाला कळलंच असेल. खालच्या बोळातून कुणीतरी ओरडलं, "काय वाजवायलाव गं वर?" आणि सगळ्या हसल्या. एवढं भरून झाल्यावर कॅसेट कंपासपेटीतून भीमनगरला गेली. पुढे तो मुलगा ती घेऊन मामाच्या गावी गेला.

29 सप्टेंबरला विसर्जन झालं. दमूनभागून सगळे झोपले. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं, ते तुम्हाला मी काय सांगणार? आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात धक्के बसले तेव्हा आपण काही दिवस बाहेर झोपलो, मग सवय झाली आणि पुन्हा आत गेलो. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकूड आणि वर मातीचं माळवद. पाणी गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडत असे. घर उन्हाळ्यात गार राही, आणि छताचं वजन वर्षागणिक वाढत जाई. ज्या छतावर बसून आम्ही गायलो, तीच छतं माणसांवर आली. भूकंपात गेलेल्यांचा आकडा आठ-दहा हजारांच्या घरात सांगतात. आमच्या मंडळातले तिघे गेले. ओव्या म्हणणारी त्यातलीच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याच्या शेड, शेडमधली शाळा, देशभरातून आलेली मदत. जागतिक बँकेच्या साहाय्यानं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, 52 गावं नव्या जागी वसली. शेती किती यावरून घराचा आकार ठरला: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. रस्ते रुंद झाले, घरं सुटी सुटी झाली. पुन्हा भूकंप आला तर माणूस वाचावा म्हणून हे सगळं होतं आणि ते योग्यच होतं. नव्या घरांना माळवद नव्हतं आणि कुणाला ते नकोही होतं. पण जुन्या बोळात एका घरातली ओवी तीन घरांत ऐकू जाई. नव्या गावात शेजारीण हाकेच्या पलीकडे गेली. गाणं कुणी बंद केलं नाही. ते ज्या जवळिकीवर उभं होतं ती जवळीक गेली, आणि गाणाऱ्या गळ्यांना बरीच वर्षं सुतक होतं.

14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या दिवशी भीमनगरचा तो मित्र शेडच्या शाळेत भेटला. मी विचारलं, "कॅसेट?" तो म्हणाला, "आहे. पण आता ऐकवत नाही." त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. दहावी झाली, कुणी लातूरला, कुणी पुण्याला गेलं. मुलींची लग्नं झाली. मी नांदेडला अभियांत्रिकीला गेले आणि तिथून पुण्याला नोकरीत.

गेल्या वर्षी आपल्या तुकडीचा फोनवरचा गट सुरू झाला. शुभेच्छा, फुलं, देवाचे फोटो असं नेहमीचं चाललं होतं. 30 सप्टेंबरला सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. त्या रात्री उशिरा कुणीतरी एकच ओळ टाकली, 'इंग्रजी व्याकरण कुणाकडे आहे का?' बाकीच्यांना वाटलं, मुलाच्या अभ्यासासाठी विचारतोय. दोघांनी तर पुस्तकांची नावंही सुचवली! पण आम्ही आठ जण जिथं होतो तिथं उठून बसलो. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'माझ्याकडे आहे.' भीमनगरच्या मित्रानं ती एकतीस वर्षं पत्र्याच्या पेटीत जपली होती.

ती घेऊन तो पुण्याला माझ्या घरी आला. दहावीनंतर पहिल्यांदा भेटत होतो. चहा होईपर्यंत दोघंही त्या पेटीकडे बघत बसलो.

इथं माझ्या व्यवसायाचा थोडा उपयोग झाला. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, ते अगदी हलक्या हातानं पुसून घेतले. मग ती चांगल्या डेकवर वाजवून संगणकात उतरवली. आवाज आला, पण तो तिचा नव्हता. चिरका, घाईघाईचा, सात-आठ वर्षांच्या पोरीसारखा. कारण लक्षात आलं. भरताना सेल उतरलेले होते. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावायला हवी, ती हळू धावली होती. आता नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज वर चढतो. पण किती चढलाय हे कशावरून ठरवायचं? तिचा खरा आवाज मोजायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

उत्तर त्या फितीतच होतं. गाण्याच्या मागे एक बारीक गुणगुण ऐकू येत होती. खालच्या मंडपातल्या लाउडस्पीकरची ती घरघर होती. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, तिची घरघर 50 वर आणि त्याच्या दुपटीला, 100 वर उमटते. माझ्या आलेखात ती 111 च्या आसपास दिसत होती. म्हणजे सगळं जवळजवळ एक स्वर वर गेलेलं. त्या काळी विजेची आवर्तनं नेमकी 50 नसायची, म्हणून शेवटचा फरक कानानं जुळवला. घरघर 100 वर आणून पुन्हा वाजवलं, आणि ती गायला लागली. तोच भरदार आवाज. मित्र उठून गॅलरीत गेला. मी डेक बंद केला नाही.

आता प्रश्न पडला, तिच्या आईला ऐकवायचं का? त्या नव्या किल्लारीत राहतात, सत्तरी ओलांडलेली आहे. आमच्या आठांत दोन तट पडले. "जखम उकरू नका," चौघं म्हणाले. बाकीचे म्हणाले, "त्यांच्या लेकीचा आवाज आपण आपल्याकडे दाबून कसा ठेवायचा?" शेवटी आम्ही त्यांनाच विचारायचं ठरवलं. दिवाळीनंतर आठही जण गेलो. जुन्या मंडळातले उरलेले सगळे पहिल्यांदाच एका घरात, एका सतरंजीवर बसलो. काकू म्हणाल्या, "लावा की. मी काय रडू नये म्हणून जगलेय का?"

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मध्येच "काय वाजवायलाव गं वर?" हे आलं आणि त्या हसल्या. "हा माझाच आवाज आहे," म्हणाल्या. ते आम्ही कुणी ओळखलं नव्हतं. ओव्या संपल्यावर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ह्या माझ्या सासूच्या ओव्या. पोरीनं शेवटची अर्धीच म्हटली." आणि उरलेली अर्धी त्यांनी म्हणून दाखवली. मग आणखी एक. मग आणखी. मी फोन पुढे ठेवला आणि विचारलं, "भरून घेऊ का?" त्या म्हणाल्या, "घे. ह्या बारीला सेल बघून घे."

असं काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात, आणि वर्षांनंतर गाणाऱ्यांना शोधत ती मंडळी पुन्हा त्यांच्या दारी गेली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांचे आवाज 1996 मध्ये भरलेले आहेत. ते ऐकताना मला वाटलं, आपल्याही गावात अजून थोडं हाती लागेल. 1993 ला ज्या बायका तिशी-चाळिशीत होत्या, त्या आज साठी-सत्तरीत आहेत.

म्हणून एक विनंती. मेळाव्याला येताना घरातल्या पेट्या, माळे, आईचं कपाट एकदा बघा. भजनाची, मेळ्याची, लग्नाची, कुणाच्याही आवाजाची जुनी कॅसेट असेल तर घेऊन या. बुरशी लागलेली असली, फीत तुटलेली असली तरी चालेल. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असू द्या. मी डेक घेऊन येणार आहे. चित्रकलेच्या वर्गात बसेन. कॅसेट त्याच दिवशी उतरवून तुमची तुम्हाला परत देईन.

आणि सर, तुम्हीही या. गाण्यापायी शाळेतून काढण्याची मुदत आता संपली असावी.