युरोपीय विद्यापीठ-सहकार्य : प्रवासाकडून समावेशाकडे

युरोपातील विद्यापीठांच्या परस्परसहकार्याचा इतिहास सांगताना बहुधा १९८७ या वर्षापासून आरंभ केला जातो. त्या वर्षी १५ जून रोजी युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ‘इरॅस्मस’ या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेस मान्यता दिली आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. रॉटरडॅमचा मानवतावादी पंडित इरॅस्मस पॅरिस, केंब्रिज, तुरीन, बाझेल अशा विद्याकेंद्रांतून आयुष्यभर फिरत राहिला. त्याचे नाव योजनेला शोभून दिसले, परंतु योजनेची मर्यादाही त्यातून सूचित झाली. विद्येसाठी घर सोडावे लागते, हे तिचे गृहीतक होते. ज्याला घर सोडता येत नाही त्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला. आजच्या युरोपीय सहकार्य-प्रकल्पांत ‘नवोपक्रम’ आणि ‘समावेश’ हे शब्द जोडीने येतात. ही जोडी कशी जमली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मान्यतेचा प्रश्न

या सहकार्याचे मूळ मान्यतेच्या प्रश्नात आहे. सोफिया कोर्राडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५७-५८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन रोमला परतली, तेव्हा तिच्या त्या अध्ययनास तेथील विद्यापीठाने मान्यता नाकारली. पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या कोर्राडी यांनी परदेशातील अध्ययनास स्वदेशात मान्यता मिळावी यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. ९ फेब्रुवारी १९७६ च्या शिक्षणविषयक ठरावातून विद्यापीठांच्या विभागांना संयुक्त अभ्यासक्रम आखण्यासाठी अल्प अनुदाने मिळू लागली. इरॅस्मस योजनेची पूर्वतयारी त्यांतून झाली.

मात्र शिक्षण हा सदस्य राष्ट्रांच्या अधिकाराचा विषय होता आणि समुदायाच्या मूळ करारात उच्च शिक्षणाला स्वतंत्र स्थान नव्हते. त्यामुळे वाट न्यायालयातून काढावी लागली. लिएज येथे चित्रकथाकला शिकू पाहणाऱ्या एका फ्रेंच विद्यार्थिनीकडून बेल्जियन विद्यार्थ्यांना लागू नसलेले जादा शुल्क मागितले गेले. १९८५ च्या ग्राव्हिए खटल्यात युरोपीय न्यायालयाने असे शिक्षण हे व्यवसायशिक्षणच ठरवले आणि नागरिकत्वावर आधारलेला शुल्कभेद अवैध मानला. पुढे इरॅस्मस योजनेच्या कायदेशीर आधारावरूनही आयोग आणि मंत्रिपरिषद यांच्यात वाद झाला. ३० मे १९८९ रोजी न्यायालयाने आयोगाची मागणी फेटाळली, पण योजनेचा बहुतांश भाग व्यवसायशिक्षणाच्या कलमात बसतो हेही मान्य केले. करारात शिक्षणविषयक स्वतंत्र कलम आले ते १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारामुळे. म्हणजे संस्था आधी चालू लागल्या आणि कायदा त्यांच्या मागून आला.

श्रेयांकांची भाषा

मान्यतेसाठी समान माप हवे होते. १९८९ मध्ये इतिहास, रसायनशास्त्र, वैद्यक, यंत्र अभियांत्रिकी आणि व्यवसाय प्रशासन या पाच विषयांत श्रेयांक-हस्तांतरणाचा प्रयोग सुरू झाला. एका वर्षाचे अध्ययन म्हणजे साठ श्रेयांक, असे ठरले. आज एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचे विद्यार्थ्याचे श्रम धरले जातात. अध्यापकाच्या व्याख्यानाच्या तासांऐवजी विद्यार्थ्याचे श्रम मोजणे, हा या पद्धतीतला खरा नवोपक्रम होय. १९ जून १९९९ रोजी एकोणतीस देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा तुलनायोग्य पदव्यांच्या रचनेबरोबर ही श्रेयांक-पद्धतीही संपूर्ण खंडाच्या धोरणाचा भाग झाली.

घरी राहिलेले चार

श्रेयांक सीमा ओलांडू लागले, तरी विद्यार्थी किती ओलांडू शकत होते? २००९ च्या लूव्हेन येथील मंत्रिपरिषदेने २०२० पर्यंत वीस टक्के पदवीधरांनी काही काळ परदेशात अध्ययन वा प्रशिक्षण घेतलेले असावे, असे उद्दिष्ट ठेवले. ते महत्त्वाकांक्षी होते. तथापि ते पूर्णत्वास गेले असते तरी पाचांपैकी चार विद्यार्थी घरीच राहणार होते. युरोस्टुडंट सर्वेक्षणांतून वारंवार दिसले, की उच्चशिक्षित पालकांची मुले अधिक प्रमाणात परदेशी जातात. शिष्यवृत्तीत सारा खर्च भागत नाही, नोकरी करून शिकणाऱ्याला ती नोकरी सोडता येत नाही, अपंग विद्यार्थ्याला किंवा लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीला केवळ प्रवासखर्च पुरत नाही.

या प्रश्नाची एक वाट स्वीडनमधील माल्मो येथे १९९९ मध्ये दिसली. तेथील नव्या उच्चशिक्षण संस्थेकडे परदेशी संस्थांचे जाळे नव्हते, पण शहरात अनेक देशांतून आलेले स्थलांतरित राहत होते. बेंग्ट निल्सन यांनी ‘स्वगृही आंतरराष्ट्रीयीकरण’ ही संकल्पना मांडली : विद्यार्थी जगाकडे जाऊ शकत नसेल, तर त्याच्या वर्गात आणि गावात असलेले जग अभ्यासक्रमात यावे. धोरणाच्या पातळीवर २००१ च्या प्राग निवेदनात ‘सामाजिक परिमाण’ हा शब्द आला. विद्यापीठात येणारा, टिकणारा आणि पदवी घेऊन बाहेर पडणारा वर्ग समाजाच्या वैविध्याचे प्रतिबिंब असावा, ही अपेक्षा २००७ च्या लंडन निवेदनात स्पष्ट झाली. तिला सविस्तर मार्गदर्शक तत्त्वांचे रूप २०२० च्या रोम निवेदनासोबत मिळाले. २०२१-२७ च्या इरॅस्मस कार्यक्रमात दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्या वंचित गटांतील विद्यार्थ्यांना दरमहा २५० युरो अधिक देण्याची तरतूद झाली. प्रत्यक्ष आणि दूरस्थ अध्ययन एकत्र गुंफणारे अल्पकालीन संयुक्त वर्गही त्याच कार्यक्रमात आले.

विद्यापीठांचे संघ

२६ सप्टेंबर २०१७ रोजी सोर्बोन येथील भाषणात फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉं यांनी अनेक देशांतील विद्यापीठांचे संघ उभारण्याची कल्पना मांडली. २०१९ मध्ये सतरा संघांची निवड झाली. २०२४ पर्यंत त्यांची संख्या चौसष्टवर गेली आणि त्यांत पाचशेहून अधिक संस्था आल्या. संयुक्त अभ्यासक्रम, सामाईक ग्रंथालयसेवा आणि संयुक्त पदवी ही त्यांची उद्दिष्टे आहेत.

त्यांपैकी २०२० मध्ये निवडला गेलेला ‘युनिटा’ हा संघ भाषेच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटावा. तुरीन, सारागोसा, पो, साव्होआ, बेइरा इंटिरिओर आणि तिमिशोआरा ही त्याची सहा मूळ विद्यापीठे इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज आणि रुमानियन भाषांच्या प्रदेशांतली असून बहुतेक राजधानीपासून दूर, डोंगराळ वा सीमावर्ती भागांत आहेत. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्याची भगिनीभाषा समजून घ्यावी, या परस्पराकलनाच्या तत्त्वावर त्यांचा भर आहे. मराठी, गुजराती आणि हिंदी भाषक एका वर्गात बसतात त्या भारतीय विद्यापीठांना हा अनुभव अपरिचित नाही. अपरिचित आहे ते त्याला अध्यापनपद्धतीचा दर्जा देणे. इंग्रजी न येणारा विद्यार्थी सहकार्याबाहेर राहत असेल, तर समावेशाचा दावा अपुराच ठरतो.

या सर्व उपक्रमांचे अनुदान मुदतीचे असते. प्रकल्प संपल्यावर अभ्यासक्रम चालू राहील की नाही, हे स्थानिक विद्यापीठाच्या इच्छेवर अवलंबून असते. भारतात २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आले, तेव्हा श्रेयांकांच्या हस्तांतरणाची कल्पना येथेही धोरणात रुजली. त्या संदर्भात युरोपचा अनुभव एवढेच सांगतो, की श्रेयांक साठवण्याची सोय ही केवळ पहिली पायरी आहे. कोर्राडी यांना नाकारली गेली ती मान्यता, आणि घरी राहिलेल्या चौघांना हवा असलेला प्रवेश, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. दोन्ही सुटतात तेव्हाच विद्यापीठांचे सहकार्य समाजाचे होते; एरवी ते प्रवास परवडणाऱ्यांपुरतेच मर्यादित राहते.