ओट्याचे भाडे कशावर ठरावे?

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. 1886 मध्ये शुक्रवार पेठेत रे मार्केट सुरू झाले आणि अष्टकोनी मनोऱ्याच्या त्या देखण्या इमारतीत माळणी-बागवानांना ओटे मिळाले. या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. ते कोणी ऐकले नाही, आणि पुढे नाव मात्र त्यांचेच मंडईला दिले गेले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्या विरोधाकडे भाड्याच्या अंगाने मात्र फारसे पाहिले जात नाही. उघड्या मैदानाला देखभाल जवळजवळ लागत नाही. दगडी मंडई उभी राहिली की पाणी, दिवे, झाडू, डागडुजी हा सगळा खर्च कोणावर तरी बसतो. करदात्यावर नाही बसला तर मेथीच्या जुडीवर बसतो.

त्याआधीच्या काळात पेठेतल्या बाजाराची व्यवस्था शेटे-महाजन पाहत आणि विक्रेत्याकडून फसकी, म्हणजे आलेल्या मालातून मूठभर वाटा, घेतली जाई. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे करमाफी मिळे. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्यालाही इस्ताव्याने, म्हणजे दरसाल थोड्या थोड्या चढत्या दराने, सारा भरता येई. या रीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मूठ कोणाची आणि केवढी, हे घेणाराच ठरवी, आणि गरीब माळणीने त्यावर दाद कोणाकडे मागायची? पालिकेच्या छापील पावतीने ही मनमानी थांबवली, हा मोठाच फायदा. तोटा असा की आकारणीचा मालाशी असलेला संबंध तुटला. फसकी मालाबरोबर कमी-जास्त होई, ओट्याचे भाडे होत नाही. सकाळी भाव खाणारी कोथिंबीर दिवे लागायच्या वेळी मिळेल त्या भावात काढून टाकावी लागते, पावतीवरचा आकडा मात्र तोच असतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की जागेला बाजारात जो भाव येईल तोच न्याय्य; लिलाव करा, बोली लागेल तिथे सोडा. पण मंडईतला गाळा ही मोकळ्या सौद्याची वस्तू नाही. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने मांस-मासळीची विक्री पालिकेच्या किंवा परवानाधारक बाजारापुरती बांधली. बाहेर विकायचे तर परवाना हवा. बाहेर बसण्याची वाट आपणच अडवायची आणि आत येण्यासाठी चढाओढीने बोली लावायला सांगायचे, तर लिलावात निघणारा आकडा जागेची किंमत सांगत नाही, विक्रेत्याची अडचण सांगतो. राज्य शासनाच्या 2019 च्या नियमांनी पालिकांच्या मालमत्तांचे भाडे चालू बाजारमूल्याच्या किमान 8 टक्के ठरवले, तेव्हा गावोगावचे गाळेधारक हवालदिल झाले, आणि तो दर पुढे खाली आणावा लागला. त्यात नवल नव्हते. पुण्याच्या मंडईजवळ मेट्रोचे स्थानक झाले म्हणून आसपासच्या जमिनीचा भाव चढेल, पण त्यामुळे पालेभाजीवरचा नफा वाढत नाही. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तेव्हा तर मंडईतला धंदाच बदलला. जमिनीच्या भावावरून ते कळलेही नसते.

आक्षेप एक आहे आणि तो खरा आहे: स्वस्त भाड्याचा लाभ कष्टकऱ्याला मिळतच नाही. मूळ गाळेधारक पोटभाडेकरू ठेवतो, पालिकेला शेकड्यांत भरतो आणि हजारांत वसूल करतो. गाळा हस्तांतरित होताना पागडी वेगळीच. पण यावर सरसकट भाडेवाढ केली तर ती मधला माणूस खालीच ढकलतो. दुखणे हस्तांतरणाचे आहे, दराचे नाही. जो ओट्यावर बसतो त्याच्याच नावाने पावती, आणि गाळा दुसऱ्याच्या नावे करताना घसघशीत शुल्क, एवढे नियम तरी हवेतच. मग भाडे देखभालीच्या खर्चावर आणि ओट्याच्या मोक्यावर ठरवता येते: दरवाजाजवळच्या ओट्याला जास्त, कोपऱ्यातल्याला कमी. नव्या मंडईत पहिली काही वर्षे इस्ताव्यासारखा चढता दर ठेवायलाही हरकत नसावी. वीस वर्षे दर हलवायचा नाही आणि एकविसाव्या वर्षी थकबाकीसह नोटीस लावायची, ही आपल्याकडची पद्धत गाळेधारकाला आणि पालिकेला सारखीच कोर्टात नेऊन सोडते.