डोके कापले तरी पुन्हा उगवते!

पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. गोड्या पाण्यातील प्लॅनेरिया या चपट्या कृमीची मजल मात्र त्याहून पुढची. त्याचे डोके कापले, तर धडाला नवे डोके फुटते आणि डोक्याला नवे धड! शरीराच्या २७९ व्या हिश्शाएवढ्या तुकड्यातूनही संपूर्ण कृमी तयार होतो, असे अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये नोंदवले होते.

या किमयेमागे ‘निओब्लास्ट’ या मूलपेशी आहेत. किरणोत्साराने सर्व मूलपेशी नष्ट केलेल्या कृमीत अमेरिकी संशोधकांनी अशी एकच पेशी सोडली. तिच्या वंशजांनी मरणोन्मुख कृमीला जीवदान दिले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र, पेशी म्हणजे केवळ विटा. कोठे काय बांधायचे, हे ठरवतात जनुकनियामक प्रथिने. डीएनएवर ठरावीक जागी बसून ती जनुके चालू वा बंद करतात. ‘ओव्हो’ हे प्रथिन नसेल, तर नवे डोळे तयार होत नाहीत. ‘फॉक्सए’ नसेल, तर अन्न गिळण्याची नळी तयार होत नाही.

डोके की शेपटी, या निर्णयात ‘बीटा-कॅटेनिन’ कळीचे ठरते. हे प्रथिन अन्य नियामक प्रथिनांच्या साथीने जनुके चालू करते. ते सक्रिय असेल तेथे शेपटी, निष्क्रिय असेल तेथे डोके. त्याची निर्मिती रोखल्यावर शेपटीच्या जागीही डोके उगवल्याचे २००८ मध्ये दिसून आले.

त्याहून महत्त्वाचा शोध २०१३ मधला. प्लॅनेरियाच्या काही जातींत शेपटीकडील तुकड्याला डोके फुटत नाही व तो मरतो. जर्मनी, जपान व अमेरिकेतील तीन पथकांनी अशा तीन जातींत बीटा-कॅटेनिनला अटकाव करताच तेथे नवे डोके उगवले. म्हणजेच, ही क्षमता नष्ट झालेली नव्हती, केवळ दडपली गेली होती.

माणसातही अशी क्षमता दडलेली आहे काय, हा प्रश्न त्यातून साहजिकच पुढे येतो. मात्र, त्याचे उत्तर शोधताना सावधगिरी हवी. बीटा-कॅटेनिन माणसातही असते आणि त्याच्यावरील नियंत्रण सुटणे हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. पेशींना वाढीची आज्ञा देणे पुरेसे नाही. कोठे थांबायचे, हेही त्यांना सांगावे लागते. प्लॅनेरियाला दोन्ही साधले आहे.