पाच वाजून सतरा मिनिटं

आज आपण तिकीट न काढता एका लांबच्या राजधानीत फिरून येऊ. युरोपच्या बाल्कन भागात उत्तर मॅसेडोनिया नावाचा छोटा देश आहे. त्याची राजधानी स्कोपये. मदर तेरेसांचा जन्म इथलाच, २६ ऑगस्ट १९१० चा. तेव्हा इथे तुर्की सुलतानाचं राज्य होतं. वडील वारले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आईनं शिवणकाम, भरतकाम करून तीन लेकरं वाढवली. आपल्या गटातल्या कितीजणींची हीच कहाणी!

आता जुन्या रेल्वे स्टेशनापाशी थांबू. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटं झालीत. २६ जुलै १९६३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हापासून काटे तिथेच आहेत. हजारावर माणसं गेली, बहुतेक शहर कोसळलं. अनेक देश मदतीला धावले. जपानी वास्तुरचनाकार केंझो टांगे यांनी शहराच्या मध्यभागाचा आराखडा केला आणि काँक्रीटचं नवं शहर उभं राहिलं. पडकं स्टेशन मात्र तसंच जपलं. आज तिथे शहराचं संग्रहालय आहे.

पुढे २०१० मध्ये सरकारनं शहराचं रूप पालटायची योजना जाहीर केली. चौकात घोड्यावरचा भव्य योद्धा आला, नदीकाठी पुतळ्यांची दाटी झाली. काँक्रीटच्या इमारतींना खांबांचे जुन्या थाटाचे दर्शनी भाग लावले. कोट्यवधी युरो खर्च झाले. कुणाला अभिमान वाटला, तर कुणी विचारलं, 'हा पैसा दवाखान्याला, शाळेला का नाही?' २०१६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी या इमारतींवर, पुतळ्यांवर रंग फेकून राग दाखवला.

वार्दर नदीवरचा दगडी पूल ओलांडला की जुना बाजार लागतो. तुर्की अमलात वाढलेल्या या बाजारात मशिदी, जुन्या सराया आणि कारागिरांची दुकानं अजून आहेत.

परतताना मदर तेरेसांचं स्मृतिघर पाहू. त्यांचा बाप्तिस्मा झाला ते चर्च भूकंपात गेलं, त्याच जागी २००९ मध्ये हे घर उघडलं. अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं, त्यानंतर मायलेकींची भेट कधीच झाली नाही. आई १९७२ मध्ये अल्बानियात वारली.

मैत्रिणींनो, गाव असो की राजधानी, काय बांधायचं आणि काय जपायचं हे कुणीतरी ठरवतंच. आपल्या गावात नव्या कमानीचा ठराव येईल, तेव्हा ग्रामसभेत आपण हजर असू ना?