सिंधुदुर्ग : एका जिल्ह्याची वाटचाल

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि दक्षिण कोकणात सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दिवशी मराठवाड्यात जालना जिल्हाही झाला. तेव्हा कोकणचेच बॅरिस्टर अ. र. अंतुले राज्याचे मुख्यमंत्री होते. मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नाव जिल्ह्याला मिळाले. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी ज्याच्या पायाभरणीचा मुहूर्त केला आणि 1667 मध्ये जो बांधून पुरा झाला, तो हा कुरटे बेटावरचा किल्ला. जिल्ह्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात कारभार लोकांच्या जवळ आला, हे नि:संशय. पण ज्यांच्यासाठी तो आणला त्यांतली कितीतरी माणसे गावात राहिली नाहीत, हेही तितकेच खरे. या जिल्ह्याची वाटचाल पाहताना दोन्ही गोष्टींचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

जिल्ह्याआधीचा मुलूख

आज एका नकाशात दिसणारा हा प्रदेश पूर्वी एका सत्तेखाली नव्हता. सावंतवाडीला भोसल्यांचे संस्थान होते. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांची वखार होती. 1812 मध्ये वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून आणि मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि उरलेला भागही कंपनी सरकारच्या ताब्यात आला. पुढे सव्वाशे वर्षे देवगड, मालवण, वेंगुर्ले इंग्रजी अमलात आणि सावंतवाडी, कुडाळ संस्थानात अशी विभागणी राहिली. 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रत्नागिरी जिल्ह्याला जोडले गेले.

या जोडणीमुळे रत्नागिरी जिल्हा सावित्री नदीपासून तेरेखोल खाडीपर्यंत लांबला. मंडणगडचा माणूस आणि दोडामार्गचा माणूस एकाच जिल्ह्याचे, पण एकमेकांना परकेच. सावंतवाडीहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरहून लांब. जमिनीच्या तंट्यातले अपील असो, जिल्हा न्यायालयातली तारीख असो की जिल्हा परिषदेतले काम, एक दिवस जायला आणि एक यायला लागे. पावसाळ्यात तर विचारूच नका. वेगळ्या जिल्ह्याची मागणी या हेलपाट्यांतून आली.

दिल्लीत या भागाचा आवाज मात्र तेव्हाही मोठा होता. राजापूर मतदारसंघातून वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै 1957, 1962 आणि 1967 मध्ये लोकसभेवर गेले. त्यांच्यानंतर 1971 पासून सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते निवडून आले. संसदेत ज्यांचे भाषण ऐकायला सभागृह भरे, अशी ही माणसे. पण तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतची वाट खासदाराच्या वक्तृत्वाने जवळ होत नाही. ती जिल्ह्यानेच झाली.

ओरोस ते सिंधुदुर्गनगरी

मुख्यालय कुठे असावे? मालवणला इतिहास होता, सावंतवाडीला राजधानीचा थाट, वेंगुर्ल्याला बंदर. निवड झाली ती मुंबई-गोवा महामार्गावरच्या ओरोसची. कुडाळ आणि कणकवली यांच्यामधले हे गाव कोणत्याच जुन्या शहराचे नव्हते, आणि तेच त्याचे बळ ठरले. तिथे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, रुग्णालय यांची वसाहत उभी राहिली आणि तिला सिंधुदुर्गनगरी म्हणू लागले. कार्यालये सुटली की ही नगरी आजही ओस पडते. कर्मचारी कुडाळ, कणकवली, मालवणला परततात. योजून वसवलेल्या गावाला बाजार आणि वस्ती यायला वेळ लागतो, तो अजून चालूच आहे.

तालुकेही वाढत गेले. डोंगराकडचा वैभववाडी वेगळा झाला आणि सर्वांत शेवटी सावंतवाडीतून दोडामार्ग निघाला. देवगड, मालवण, वेंगुर्ले, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वैभववाडी, दोडामार्ग असे आज आठ तालुके आहेत. मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी येथे नगरपरिषदा आहेत. कुडाळ, कणकवली, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग येथे नगरपंचायती आहेत. बाकी सारा कारभार ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तीन पायऱ्यांचा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. लोकांनी निवडलेल्या माणसाकडे गाऱ्हाणे नेण्याची सवय लागलेल्या गावांना तो काळ जड गेला.

न्यायासाठीची मोठी पायपीट अलीकडे कमी झाली. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आणि सिंधुदुर्गच्या पक्षकाराला मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूर गाठणे पुरेसे झाले. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. तरी गंभीर रुग्णाला घेऊन रुग्णवाहिका आजही गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाकडे धावते. ती धाव थांबेल तेव्हाच आरोग्याचा कारभार जवळ आला असे म्हणता येईल.

सह्याद्री, सडा आणि खाडी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ 5,207 चौरस किलोमीटर. पूर्वेला सह्याद्री आणि पलीकडे कोल्हापूर, पश्चिमेला सुमारे 121 किलोमीटरचा किनारा, उत्तरेला रत्नागिरी, दक्षिणेला गोवा आणि कर्नाटक. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली हे घाट देशावरच्या बाजारपेठांशी नाते जोडतात. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी एक. पण डोंगर ते समुद्र हे अंतरच इतके थोडे की गड, कर्ली, तेरेखोल या नद्या पावसाचे पाणी पाहता पाहता खाडीत नेऊन सोडतात. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, पाणी ठरत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडूनही मे महिन्यात वाडीवर टँकरची वाट पाहिली जाते. या जिल्ह्यातला कोणताही सरपंच निवडून आला की त्याचे पहिले काम पाण्याचेच असते.

पाण्याचे सर्वांत मोठे काम झाले ते दोडामार्गातल्या तिलारीवर. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा हा संयुक्त धरणप्रकल्प. खर्चात आणि पाण्यात गोव्याचा वाटा मोठा, बुडालेली गावे आणि जमीन मात्र सिंधुदुर्गातली.

याच जांभ्या मातीने जिल्ह्याला हापूस आणि काजू दिला. देवगडच्या सड्यावर खडक फोडून खड्ड्यांत माती भरून कलमे लावणारे बागायतदार आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या काजूच्या जाती, या दोन प्रयत्नांनी पडीक डोंगर उत्पन्नाचे झाले. हापूस, वेंगुर्ल्याचा काजू आणि कोकम यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारी केंद्र आणि शेतकरी एकत्र आले तर काय घडते, याचा याहून चांगला दाखला जिल्ह्यात दुसरा नाही.

समुद्रावर हक्क कोणाचा

मालवणच्या किनाऱ्यावर सरकारचा अनुभव इतका सरळ नाही. ज्या 1981 साली जिल्हा झाला, त्याच साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही झाला. किनाऱ्याजवळचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखणे हा त्यामागचा हेतू. रापण ओढणारे, गिलनेट टाकणारे, छोट्या होडीतून जाणारे मच्छीमार या कायद्याकडे आशेने पाहत राहिले. पुढे मोठ्या जाळ्याने वेढा घालणाऱ्या पर्ससीन नौका आल्या आणि मासळीचे थवेच्या थवे एका फेरीत उचलले जाऊ लागले. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर डॉ. वि. शं. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्धची तक्रार त्यानंतरही चालूच राहिली.

1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ आणि समुद्री जीव राखण्याचा उद्देश चांगलाच होता. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता ते अभयारण्य आखले गेल्याची भावना किनाऱ्यावर घट्ट बसली आणि विरोध उभा राहिला. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मग तारकर्ली, देवबाग, मालवण येथे घरगुती निवासव्यवस्था आणि स्कूबा डायव्हिंग आले. मासेमारीवर जगणाऱ्या कितीतरी घरांना दुसरा आधार मिळाला आणि प्रवाळ जपण्यात आपलाही फायदा आहे हे किनाऱ्यावरच्या तरुणांना उमगले. सक्तीने जे झाले नाही ते उत्पन्नाच्या वाट्याने काही अंशी झाले.

कारभार जवळ आणणे आणि पाण्यावरचा हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुसरीकडेही दिसते. सिंधुदुर्ग वेगळा केला तसा प्रशासनाचे लहान तुकडे करण्याचा प्रयोग नायजेरियाने फार मोठ्या प्रमाणावर केला. स्वातंत्र्याच्या वेळी, 1960 मध्ये, तिथे 3 प्रांत होते. 1967 मध्ये 12 राज्ये झाली, 1976 मध्ये 19 आणि 1996 मध्ये 36. शेवटच्या फेरीत नायजर नदीच्या मुखाशी बायेल्सा हे राज्य निघाले. खाड्यांचे, मच्छीमारांचे आणि 2006 च्या जनगणनेत देशातल्या सर्वांत कमी लोकसंख्येचे. याच भागातल्या ओलोइबिरी येथे 1956 मध्ये व्यापारी प्रमाणात तेल सापडले होते. राज्य वेगळे झाले तरी तेलाने काळवंडलेल्या खाड्यांचे दु:ख तिथल्या मच्छीमारांच्या वाट्याला राहिलेच. यातून आपण घ्यायचे ते इतकेच : कचेरी जवळ आली म्हणजे हक्क जवळ आला असे होत नाही. आपल्या पाण्यावर आणि जमिनीवर काय होणार हे ठरवताना तिथल्या माणसाला विचारले जाते का, हीच खरी कसोटी आहे.

अप्पासाहेबांचा वारसा

या कसोटीवर जिल्ह्याने एक काम उत्तम केले आहे. कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1948 मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. शौचालय, मैल्यापासून खत, भंगीमुक्ती हे विषय त्यांनी स्वत:च्या हातांनी हाताळले. त्या काळी हे काम समाजाला रुचणारे नव्हते. 2016 मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला. डोंगरी जिल्ह्यांत तो मान हिमाचलच्या मंडीला मिळाला. हे यश ग्रामपंचायती, बचत गट आणि शाळा यांचे. गावात आधीपासून रुजलेला विचार आणि वर पोचलेली योजना यांची गाठ पडली म्हणून ते मिळाले.

घटती लोकसंख्या

आता सर्वांत जड प्रश्न. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्गची घटली. 2011 मध्ये महाराष्ट्रातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा हाच. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,036, तर मुंबई शहर जिल्ह्यात त्याच वर्षी 832. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोकणातला पुरुष कुठे आहे ते कळते.

ही वाट जुनी. मुंबईच्या गिरणगावातल्या खोलीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर इथली घरे चालत. जिल्हा होऊन वर्षही झाले नव्हते तोच, 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि तो आधार कायमचा डळमळला. तरी माणसे परतली नाहीत, त्यांनी मुंबईतच दुसरे काम शोधले. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. तिने मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याला गणपतीला घरी आणले, तसे बारावी झालेल्या मुलालाही सोपेपणाने मुंबईला नेले. कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात अग्रेसर आहे. इतकी मुले शिकवणाऱ्या जिल्ह्यात त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम नाही, हे मोठे दुखणे.

लोकसंख्या घटण्याचा परिणाम राजकारणावरही झाला. 2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघ फेररचनेत विधानसभेच्या 4 जागांच्या 3 झाल्या. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले, म्हणजे किनाऱ्यावरचे तिन्ही तालुके, मतदारसंघाच्या नावातून गेले. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे महामार्गावरचे तिघे उरले. लोकसभेचा राजापूर मतदारसंघही संपून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. माणसे गेली की पाठोपाठ आवाजही जातो.

घर मात्र इथल्या बाईने सांभाळले. शेती, गुरे, म्हातारी माणसे, देवाचे करणे, सारे तिच्याकडे. आता पंचायतींमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत आणि सरपंचाच्या खुर्चीत तीच बसते. या जिल्ह्याचा कारभार तिच्या गरजांकडे पाहून आखला पाहिजे : दाराशी पाणी, आठवड्याला येणारा डॉक्टर, वेळेवर सुटणारी एसटी, काजू-कोकमावर गावातच प्रक्रिया.

पुढची वाट

जिल्हा झाला म्हणून न्यायालय, रुग्णालय, रस्ते, शाळा आल्या. 1981 चा निर्णय योग्यच होता. पण तो अर्धाच पुरा झाला आहे. उरलेला अर्धा गावात रोजगार टिकवण्याचा आहे, आणि तो सिंधुदुर्गनगरीतून नव्हे, ग्रामसभेतून सुरू होतो. 1 मे हा जिल्ह्याचा वर्धापनदिन, त्याच दिवशी गावोगाव ग्रामसभाही असते आणि तेव्हाच मुंबईकर चाकरमानी सुट्टीसाठी घरी असतो. गावात राहणाऱ्यांनी त्या सभेत आपल्या पाण्याचा, बागेचा, समुद्राचा प्रश्न ठामपणे मांडावा. मुंबईकरांनी गावाला केवळ देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी देऊन थांबू नये. आपली पडीक जमीन कसणाऱ्याच्या हाती द्यावी, आपले कसब गावाच्या उपयोगी आणावे आणि शक्य असेल त्याने परत यावे. जिल्हा कागदावर सरकारने केला. तो माणसांनी भरलेला ठेवणे आपल्या हाती आहे.