तीन फेज, सहा स्विच आणि आपला पंप



सोलर पंपाच्या प्लेटांखाली जो डबा बसवलेला असतो, त्याला कुणी कंट्रोलर म्हणतं, कुणी ड्राइव्ह म्हणतं. एसी मोटर असेल तर तो डबा म्हणजे थ्री फेज इन्व्हर्टर. मोटर जळाली तर आपण तालुक्याला नेऊन वायंडिंग करून आणतो. डबा बंद पडला तर मात्र माणूस येईपर्यंत पीक वाळत बसतं, कारण त्याच्या आत काय चालतं हे गावात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आज त्या डब्याचा इतिहास लिहितोय. जरा मोठा आहे, पण सवडीनं वाचा.

आधी मोटरचं बघू. १८८२ साली एडिसननं न्यूयॉर्कला वीजघर सुरू केलं, ते डीसीचं. ती वीज फार लांब नेता येईना. १८८८ ला टेस्लाची एसी मोटरची पेटंट आली आणि १८८९ ला जर्मनीतल्या एईजी कंपनीत दोलिवो-दोब्रोवोल्स्की नावाच्या इंजिनिअरनं तीन फेजची मोटर बनवली. रोटरला ना ब्रश, ना वायर, नुसता सळयांचा पिंजरा. आपल्या विहिरीवरची इंडक्शन मोटर मूळ तीच आहे.

१८९१ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात कमाल झाली. १७५ किलोमीटरवरच्या लाउफेन गावातून, नदीच्या पाण्यावर तयार केलेली तीन फेजची वीज तारेनं तिथं आणली. तिच्यावर दिवे लावले आणि पंप चालवून खोटा धबधबा पाडून दाखवला. म्हणजे थ्री फेजनं जगाला तोंड दाखवलं तेच पाणी उपसून!

तीनच फेज का? एका उखळात तीन बायका पाळीपाळीनं मुसळ घालतात तसं समजा. एकीचं वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं, काम कुठं थांबत नाही. त्यामुळं मोटर आपोआप सुरू होते आणि धक्का न खाता फिरते. यातला एक फेज गेला की सगळा भार उरलेल्यांवर येतो, करंट वाढतो आणि वायंडिंग जळते. डीपीवरचा एक फ्यूज गेल्यावर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता डबा. एसीची डीसी करणाऱ्याला रेक्टिफायर म्हणतात. त्याच्या उलट, डीसीची एसी करणारा तो इन्व्हर्टर. हा शब्द अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या डेव्हिड प्रिन्स यांनी १९२५ च्या लेखात वापरला. त्या काळी हे काम काचेच्या नळ्यांवर चालायचं. १९५७ ला त्याच कंपनीत थायरिस्टर तयार झाला. हा सिलिकॉनचा स्विच मजबूत, पण एक खोट होती. पाटाचं दार उघडावं आणि पाणी आटल्याशिवाय ते बंदच होऊ नये, तसा त्याचा स्वभाव. डीसीचं पाणी तर कधी आटत नाही, म्हणून तो बंद करायला वेगळं सर्किट जोडावं लागायचं. यंत्र मोठं आणि महाग व्हायचं.

ही अडचण सोडवली आयजीबीटी नावाच्या स्विचनं. त्यात अनेकांचा हात आहे, पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं मुख्य काम केलं ते बी. जयंत बलिगा यांनी. मद्रासला जन्मलेला, आयआयटी मद्रासला शिकलेला माणूस. २०२४ ला त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

डब्यात असे सहा स्विच असतात, प्रत्येक फेजला दोन. एक वरचा, एक खालचा. स्विच अर्धवट उघडता येत नाही, एक तर पूर्ण चालू नाही तर पूर्ण बंद. मग गोल लाट कशी बनते? सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून. जास्त वेळ उघडा ठेवला तर सरासरी व्होल्टेज जास्त, कमी वेळ ठेवला तर कमी. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. मोटर चालवायला ही पद्धत वापरायचं काम १९६४ ला ब्राउन बोव्हेरी कंपनीच्या श्योनुंग आणि स्टेमलर यांनी मांडलं.

आता आपल्या कामाचं. ऊन कमी झालं की डबा मोटरची फ्रिक्वेन्सी उतरवतो आणि त्या प्रमाणात व्होल्टेजही उतरवतो. ५० हर्ट्झला ४१५ व्होल्ट, तर ४० हर्ट्झला ३३२. व्होल्टेज तसंच ठेवलं तर मोटर तापेल. प्लेटांतून जास्तीत जास्त ताकद कुठं मिळते तेही तो सारखं चाचपत असतो. फ्रिक्वेन्सी थोडी वाढवून बघतो, ताकद वाढली तर पुढं जातो, घटली तर मागं येतो.

४० हर्ट्झला पंपाचा वेग ८० टक्के राहतो. ताकद लागते साधारण निम्मी, हा फायदा. पण पाणी चढवायची उंची राहते ६४ टक्केच. म्हणजे पूर्ण वेगानं जास्तीत जास्त ५० मीटर चढवणारा पंप ४० हर्ट्झला ३२ मीटरवर थांबला. तुमचं पाणी ३५ मीटर खोल असेल तर मोटर फिरते, पाइपाला थेंब नाही. सकाळी आठला पंप चालू दिसतो पण पाणी येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे. हा बिघाड नाही, हेडचा हिशेब आहे. म्हणून अर्ज भरताना नुसता एचपी बघू नका, उन्हाळ्यातली पाण्याची खोली मोजून सांगा.

दुसरं, सिंगल फेजवर मोटर चालवायला आपण कपॅसिटर लावतो. ती सवय इथं नको. डबा आणि मोटरच्या मध्ये कपॅसिटर जोडला तर स्विच उडतात. मोटर उलटी फिरत असेल तर प्लेटांकडची लाइन बंद करून मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करायच्या, पण लगेच झाकण उघडू नका. ४१५ व्होल्टची लाट काढायला आत ५८७ च्या आसपास व्होल्ट डीसी लागते आणि लाइन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरात ती काही मिनिटं राहते. जीव जाऊ शकतो.

लाइनला जोडलेल्या सोलरचीही एक गोष्ट सांगतो. जर्मनीत नियम होता की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की इन्व्हर्टर बंद व्हावा. छपराछपरावर सोलर झालं तेव्हा लक्षात आलं की सगळे एकदम बंद झाले तर आख्खी लाइनच कोलमडेल. २०१२ पासून लाखो इन्व्हर्टरांची सेटिंग बदलून घेतली, जेणेकरून ते हळूहळू उतरतील. आपल्याकडं आता फीडर सोलरवर जातायत. तेव्हा इन्व्हर्टरची सेटिंग कशी आहे, हा प्रश्न आपल्या लाइनचाही आहे.

माझं म्हणणं एवढंच. मोटर गावात आली तेव्हा तिच्या मागं वायंडिंगवाले तयार झाले. आता दिवसा पाणी देणारा डबा आलाय, तर तो समजणारी पोरंही तालुक्यात तयार व्हायला पाहिजेत. आयटीआय झालेली पोरं घरात असतील तर त्यांना हे शिकायला लावा. नाहीतर प्लेटा आपल्या रानात, ऊन आपलं, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात असं होईल.

तुमच्याकडं सकाळी किती वाजता पाणी सुरू होतं आणि खोली किती आहे, ते खाली लिहा. सगळ्यांच्याच उपयोगाला येईल.