क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनचा पासवर्ड विसरलात? रिसेट करा, पण जपून

सुरुवात आपल्या रायगडातूनच करूया. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश शिपिंग कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले आणि तिच्याच समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं न्हावा शेवा बंदरातलं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कोणाचा, हे सिस्टीम सांगेना. काम हाताने करायची वेळ आली. रस्त्यावर ट्रक तुंबू नयेत म्हणून बंदराला पार्किंगची वेगळी सोय बघावी लागली.

आता यात पासवर्डचा काय संबंध? नॉटपेट्या दोन वाटांनी पसरत होता. एक वाट विंडोजमधल्या त्रुटीची. तिच्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. दुसरी वाट जास्त घातक होती. एका मशीनच्या मेमरीत पडून असलेले ॲडमिनचे लॉगिन तो उचलायचा आणि तेच वापरून शेजारच्या मशीनमध्ये शिरायचा. त्यामुळे अपडेट केलेली मशीनही वाचली नाहीत. मर्स्कला पुढच्या सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. ही क्लाउडची मशीन नव्हती, पण एकच पासवर्ड दहा ठिकाणी ठेवला तर तिथेही हेच होऊ शकतं.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फ्री क्रेडिटवर घेतो, महिनाभर उघडत नाही आणि मग पासवर्ड आठवत नाही. हे सगळ्यांचंच होतं.

रिसेट कसा करायचा?

अझ्यूरमध्ये व्हीएमच्या पेजवर मदतीच्या विभागात 'रिसेट पासवर्ड' मिळेल. मशीन चालू हवं आणि त्यात अझ्यूरचा एजंट हवा, कारण आतलं काम तोच करतो. इथे एक जागा फसवी आहे. युजरनेम लिहिताना स्पेलिंग चुकलं तर अझ्यूर एरर देत नाही, त्या चुकीच्या नावाने नवं ॲडमिन खातं बनवून टाकतो! तुम्ही आनंदाने लॉगिन करता, पण जुनं खातं जुन्या पासवर्डसकट तसंच उघडं राहतं. गूगल क्लाउडमध्येही नसलेलं नाव दिलं की नवं खातं तयार होतं. म्हणून रिसेटनंतर आत जाऊन ॲडमिन खात्यांची यादी एकदा बघाच.

गूगलची पद्धत मला सगळ्यात आवडते. पासवर्ड तुम्ही ठरवतच नाही, तो मशीनच्या आत तयार होतो. तुमच्या बाजूने फक्त एक पब्लिक की जाते, पासवर्ड तिने कुलूपबंद होऊन बाहेर येतो आणि तुमच्याकडच्या प्रायव्हेट कीनेच उघडतो. म्हणजे वाटेत कोणी पाहिलं तरी हाती काही लागत नाही. मात्र विंडोजच्या आत जुन्या पासवर्डने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल असतील, तर रिसेटनंतर त्या कायमच्या हातच्या जाऊ शकतात. आधी विचार करा.

ॲमेझॉनमध्ये 'गेट पासवर्ड' बटण फक्त मशीन पहिल्यांदा तयार झालं तेव्हाचा पासवर्ड दाखवतं. तुम्ही तो नंतर बदलला असेल तर सिस्टीम्स मॅनेजरमधून रिसेट करावा लागतो. त्यात ऑफलाइन पद्धत निवडली तर मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. पब्लिक आयपी कायमचा घेतलेला नसेल तर तो बदलतो, आणि साइट चालत नाही म्हणून मित्रांचे फोन सुरू.

लिनक्स व्हीएम असेल तर पासवर्डच्या मागे न लागता नवी एसएसएच की टाका.

नवा पासवर्ड कुठे ठेवायचा?

ग्रुपवर टाकायचा नाही, स्क्रीनशॉट काढायचा नाही. कमांडमध्ये सरळ लिहिलेला पासवर्डही हिस्ट्रीत राहून जातो. पासवर्ड मॅनेजर वापरा आणि प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड द्या. ऑफिसात पन्नास विंडोज मशीन असतील तर 'लॅप्स' ही मायक्रोसॉफ्टची सोय प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड स्वतः तयार करते आणि ठरावीक काळाने बदलते. २०२३ पासून ती विंडोजमध्येच येते.

आणि खरी चावी व्हीएममध्ये नाहीच! क्लाउड खात्यात रिसेटचं बटण ज्याला दाबता येतं, त्याला पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. त्यामुळे त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. प्रोजेक्ट संपलेल्या मित्राचा ॲक्सेस काढा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. क्लाउडचं ॲप ज्या मोबाईलवर आहे त्याला स्क्रीन लॉक हवंच.

कोणीतरी आत शिरलंय असा संशय आल्यामुळे रिसेट करत असाल, तर आधीपासून चालू असलेली लॉगिन सेशन बंद करा. पासवर्ड बदलला म्हणून ती आपोआप तुटत नाहीत. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट सगळ्या जगाला उघडं न ठेवता फक्त तुमच्या आयपीपुरतं ठेवा. आणि जुने स्नॅपशॉट तपासा: त्यातून मशीन पुन्हा उभं केलंत तर जुना पासवर्डही त्याच्यासोबत परत येतो.